भेंडीचं पाणी

जयसिंगपूरहून कोल्हापूरला जाणारी सकाळची एसटी हातकणंगल्याच्या पुढं आली, की मी खिडकीची काच सरकवते. डिसेंबरची थंडी असते. शेजारची बाई पदर कानावर ओढून घेते आणि तोंडावर सांगते, "ओ बाई, वारं लागतंय की!" आमच्याकडची माणसं आडून बोलत नाहीत. मी म्हणते, "एवढं जरा थांबा." खरंच जराच थांबायचं असतं. उसाच्या फडापलीकडं एक गुऱ्हाळ अजून चालू आहे. त्याच्या धुराड्यातला धूर रस्त्यावर उतरतो, गाडीत शिरतो, आणि मला तेवढ्यापुरतं वय राहत नाही. मग मी काच बंद करते आणि पिशवीतल्या उत्तरपत्रिका बाहेर काढते.

पूर्वी एकेका गावच्या शिवारात चार-चार धुराडी दिसायची. आता ऊस कारखान्याला जातो, आणि गुऱ्हाळं विचारत विचारत शोधावी लागतात. गुऱ्हाळाच्या वासात तीन वास असतात. एक जळत्या चिपाडांचा, दुसरा उकळत्या रसाचा. हे दोन सगळ्यांना ठाऊक असतात आणि सगळे त्यांचं कौतुक करतात. तिसरा मळीचा. रस तापायला लागला की त्यातली घाण काळपट हिरव्या फेसासारखी वर येते, ती मळी. तिचा वास आंबूस, ओला, थोडा तुडवलेल्या गवतासारखा. हुरडा-गूळ खायला आलेले पाहुणे नेमके तिथं नाक मुरडतात. मला तोच हवा असतो. माझे वडील, आमचे तात्या, हंगामाचे पाच महिने त्या वासात असायचे आणि घरी यायचे ते तो अंगावर घेऊनच.

तात्या गुळव्या होते. गुऱ्हाळ मालकाचं, ऊस शेतकऱ्याचा, पण काहिलीपाशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, हुकूम चालायचा तो गुळव्याचा. जाळ किती ठेवायचा, मळी कधी काढायची, काहील कधी उतरायची, हे तो सांगणार आणि बाकीचे ऐकणार. तात्या हात गार पाण्यात बुडवायचे, तोच हात उकळत्या पाकात घालायचे, चिमूटभर पाक उचलून पुन्हा पाण्यात टाकायचे आणि बोटांत त्याची गोळी करून बघायचे. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. गोळी मनासारखी झाली की म्हणायचे, "उतरा." त्या एका शब्दावर सहा माणसं काहिलीला लागायची. लहानपणी मला वाटायचं, जगात माझ्या बापाच्या वरचा कुणी साहेब नसेल. पुढं कॉलेजात गेले आणि वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'शेती' असं लिहायला लागले.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या एका रकान्यातून आलेलं आहे.

ज्या उन्हाळ्यात वाळवंटात अणुचाचण्या झाल्या, त्याच्या पुढचा हिवाळा माझ्या मनातून जात नाही. मी कोल्हापुरात विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय होता अणुकचऱ्याच्या पाण्यातून धातूंचे आयन वेगळे काढण्याचा. त्या वर्षी 'अणू' हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी, त्यामुळं गावात माझी शोभा झाली. शनिवारी घरी आले की कट्ट्यावरून कुणी ना कुणी विचारायचं, "काय बॉम्बवाली, झाला का न्हाय बॉम?" आई घाबरायची. तिला वाटायचं, पोरगी काहीतरी बाधणारं अंगावर घेऊन येईल. म्हणून ती मला दारातच पाय धुवायला लावायची.

बाधणारं काही नव्हतंच. अणुभट्टीतलं जळण वापरून झालं की ते आम्लात विरघळवतात आणि त्यातलं कामाचं तेवढं काढून घेतात. मागं राहतं ते पाणी. ते हजार नखऱ्यांचं असतं, पण त्यातलं स्ट्रॉन्शियम सगळ्यांत लबाड. अंगात गेलं तर कॅल्शियमचं सोंग घेऊन हाडांत मुक्काम ठोकतं. एवढ्या गर्दीतून ते एकटं वेचून काढायचं कसं, हा आमचा प्रश्न. खरा कचरा आमच्या प्रयोगशाळेत कोण आणून देणार? आम्ही साधेसुधे, निरुपद्रवी क्षार आम्लात घालून नकली कचरा तयार करायचो आणि त्याच्याशी खऱ्यासारखे वागायचो.

तात्यांना मी एकदा सोपं करून सांगितलं, "घाण पाण्यातनं एकच जिन्नस उचलायचा, तात्या."

"म्हंजे मळी काढायची."

"तसंच म्हणा."

"मग त्याला चार वर्सं कशाला लागत्यात? माझं आदण तीन तासांत उतरतंय," तात्या म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली. आदण म्हणजे काहिलीतला एका वेळचा रस.

आमची मळी काढायची रीत वेगळी होती. राजगिऱ्याच्या दाण्याएवढे प्लॅस्टिकचे मणी करायचे, पण भरीव नव्हे. आतून नुसती भोकंच भोकं असलेले. त्या भोकांत एक महागडं रसायन मुरवायचं. त्याचा रेणू कड्यासारखा असतो आणि त्या कड्याच्या मधोमध स्ट्रॉन्शियम नेमकं बसतं. मग असे मणी काचेच्या नळीत भरायचे आणि वरून नकली कचरा थेंब-थेंब सोडायचा. बाकीचे धातू खाली निघून जातात, स्ट्रॉन्शियम मण्यांत अडकतं. आम्ल तीव्र आहे तोवर ते सुटत नाही. नंतर साधं पाणी ओतलं की मणी त्याला मुकाट सोडून देतात. यावरून आयुष्याविषयी काहीतरी म्हणता येईल हे मला कळतं. पण मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि मुलांना असलं काही उत्तरपत्रिकेत लिहिलेलं मला चालत नाही.

कठीण होतं ते मणी करणं. तेलासारखं द्रावण पाण्यात घालायचं आणि तापवत आठ तास सारखं ढवळायचं, म्हणजे त्याचे थेंब होतात आणि थेंबांचे मणी. पण थेंब ही जात मोठी चिकट. जरा सैल सोडलं की एकमेकांना मिठी मारणार. त्यांना वेगळं ठेवायला पाण्यात एक बुळबुळीत पदार्थ घालावा लागतो. आमच्याकडं तो बाटलीत यायचा, पांढरी भुकटी, मुंबईहून. आणि ढवळणी थांबून चालत नाही. कोल्हापुरातली वीज मात्र तिच्या मर्जीची मालकीण. नोव्हेंबरात एकदा दुपारी वीज गेली ती तासभर, आणि माझ्या चंबूच्या बुडाशी तयार झाला एक पांढराफटक गोळा. सर आले. माझे मार्गदर्शक, बाहीला कायम खडू लागलेला, रागावले तरी हसल्यासारखे दिसणारे. त्यांनी चंबू वर धरून पाहिला आणि म्हणाले, "वा! गुळाची ढेप केलीस की." सगळी प्रयोगशाळा हसली. सरांना माझं घर माहीत नव्हतं. ते सहज म्हणाले होते. माझे कान मात्र संध्याकाळपर्यंत गरम राहिले.

डिसेंबरात भुकटीची बाटली संपली. मागणी गेली, पण यायला दोन महिने लागतील असं उत्तर आलं. मार्चमध्ये अणुकेंद्रातले शास्त्रज्ञ आमचं काम बघायला येणार होते. तोवर मणी झाले नाहीत तर दाखवायला माझ्याकडं रिकामी नळी. त्या शनिवारी मी घरी न जाता थेट गुऱ्हाळावर गेले, कारण आईसमोर रडायचं नव्हतं.

रस नुकताच काहिलीत पडला होता. काहिलीशेजारी पिंपात रानभेंडीचे ठेचलेले बुंधे भिजत घातलेले. तात्यांनी त्यातलं पाणी हातानं वर ओढलं. पाणी कसलं ते, लांबच लांब तार. ती तार त्यांनी काहिलीत सोडली आणि जाळवाल्याला म्हणाले, "हळू." बघता बघता रसातली घाण गोळा होऊन वर आली. हे मी जन्मल्यापासून बघत आले होते. पण त्या दिवशी मी ते पाणी बोटावर घेतलं, दोन बोटांत ताणलं, आणि मला माझा चंबू दिसला.

"तात्या, ह्यातलं तांब्याभर द्या की."

"भेंडीचं पाणी? कशाला? केसांस्नी लावतीस?"

"कामाला पायजे."

तात्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग शेजारच्या माणसाचा दुधाचा डबा घासून, त्यात भरून दिलं. त्या माणसानं डबा परत मागितला तेव्हा तात्या म्हणाले, "आरं, विद्यापीठात निघालाय तुजा डबा. हितं काय करतोस त्याचं?"

पहिल्या खेपेला मण्यांना केस आले. खरंच, बुंध्याचे बारीक धागे मण्यांत अडकून सगळे मणी लवदार झाले होते, सुरवंटासारखे. पुढच्या शनिवारी मी तात्यांना ते कागदाच्या पुडीतून दाखवले. त्यांनी एक मणी नखावर घेतला. "गाळलं न्हाईस," ते म्हणाले. "धोतराच्या फडक्यातनं दोनदा गाळायचं. आनि आदी तापवलंस न्हवं? तापवून घातली की भेंडी मरती. गार पाण्यात घालायची आनि मग जाळ." माझ्या आजवरच्या अभ्यासात कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं.

दुसऱ्या खेपेचे मणी मी आयुष्यात विसरणार नाही. चाळणीवर धुतले, वाळवले आणि काचेच्या उथळ बशीत ओतले, तर ते ओघळले. एकसारखे, दुधासारखे पांढरे. भरीव मणी काचेसारखे आरपार दिसतात. पांढरे दिसले म्हणजे आत भोकं धरली. मी खुर्चीवर बसले आणि नुसती बघत राहिले. खिडकीबाहेर विद्यापीठाच्या माळावर मोर ओरडत होते. पलीकडं थंडीचं स्वच्छ ऊन, आणि दूर जोतिबाचा डोंगर. मी तेवीस-चोवीस वर्षांची होते. आता कशाची इच्छा होते असं कुणी विचारलं, तर मी ती दुपार मागून घेईन.

त्या हंगामात डबा दर आठवड्याला आला. कधी मी आणायचे, कधी गावातून कॉलेजला येणाऱ्या कुणाच्या हाती यायचा. एकदा तात्या स्वतःच आले. धोतर, कोट, डोक्याला पटका, हातात डबा. विभागाच्या दारात शिपायानं विचारलं, "कोण पावणं? कुणाकडं?" तर म्हणाले, "भेंडी घिऊन आलोय." शिपाई त्यांना थेट सरांकडं घेऊन गेला. मी धावत पोचले तेव्हा सर डब्यात बोट घालून तार ओढत होते आणि तात्या त्यांना सांगत होते, "आसं न्हवं, सर. बोट वाकडं करा."

तेव्हा सरांना सगळं कळलं. भेंडी, गुऱ्हाळ, तात्या, सगळं. मी जमिनीकडं बघत उभी. सर मात्र असे खूश झाले, की त्यांनी स्वतः तात्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तात्यांनी आधी चुकीचा डोळा मिटला, मग बरोबरचा. बराच वेळ बघत होते.

"गोल हायेत," ते म्हणाले.

"तुमच्या भेंडीनं," सर म्हणाले.

मग आम्ही त्यांना नळी दाखवली. नकली कचरा खाली उतरत होता. मी खालच्या थेंबात धातूची तार बुडवून ज्योतीत धरली. ज्योत पिवळी झाली. ते सोडियम, ते खाली निघून जात होतं. आम्लानं धुऊन घेतलं, मग वरून साधं पाणी सोडलं. थोड्या वेळानं पुन्हा थेंब घेतला आणि तार ज्योतीत धरली. ज्योत लालभडक. स्ट्रॉन्शियम सुटलं होतं. तात्या खुर्चीतून अर्धे उठले. आयुष्यभर जाळासमोर उभं राहिलेल्या माणसाला मी कधी ज्योतीकडं असं बघताना पाहिलं नव्हतं. "आजून एकदा कर," ते म्हणाले. मी सात वेळा केलं.

परत जाताना, एसटीच्या थांब्यावर, त्यांनी मला विचारलं. मालकांनी त्या वर्षी रसायनाच्या पुड्या आणल्या होत्या. पुडी टाकली की रस साफ, गूळ पिवळाधमक, भेंडी ठेचायला माणूस नको. तात्यांनी विरोध केला तर मालक म्हणाले होते, भेंडीत काय हाय? तुजा आजा घालायचा म्हणून तू घालतोस. पुडीवर निदान कायतरी छापलेलं तरी हाय. ते तात्यांना लागलं होतं.

"तुज्या पुस्तकात भेंडीचं नाव येणार न्हवं?" ते म्हणाले.

"येणार की, तात्या."

"विंग्रजीत?"

"इंग्रजीतच."

"मग झालं. छापलेलं म्हंत्यात न्हवं, दावतो त्यास्नी." गाडी आली, त्यांनी रिकामा डबा आधी आत टाकून जागा धरली आणि चढले. मी हात केला. त्यांनी नाही केला, ते डबा सांभाळत होते.

मार्चमध्ये शास्त्रज्ञ आले. पाच जण, इस्त्रीचे शर्ट, मृदू इंग्रजी. मी बोलले, चांगलं बोलले. आकडे दाखवले, मण्यांची छायाचित्रं दाखवली. त्यांच्यातले एक जण पुढं वाकून म्हणाले, मणी फारच सुबक आहेत, थेंब वेगळे ठेवायला काय वापरलंत? साधा प्रश्न. सर मागच्या बाकावरून माझ्याकडं बघून हसले, आता सांग म्हणून. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय यावं? दुधाचा डबा. लहानपणी मालकाच्या पोरांनी 'काकवी, काकवी' म्हणून चिडवलेली मी. 'ढेप केलीस की' म्हटल्यावर हसलेली प्रयोगशाळा. मी म्हणाले, "एक नैसर्गिक डिंक." त्यांनी मान डोलावली आणि पुढचं विचारलं.

कुणी हसलं नसतं. आज मला ते पक्कं माहीत आहे. त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या असत्या, किंवा निदान वहीत लिहून घेतलं असतं. पण तेव्हा मला कोल्हापूरची भेंडी त्या खोलीत आणायची लाज वाटली, आणि लाजेला कारण लागत नाही.

प्रबंध लिहिताना मी तेच वाक्य लिहिलं. 'एक योग्य असा नैसर्गिक डिंक वापरण्यात आला.' सरांनी पहिला मसुदा वाचून तिथं पेन्सिलनं गोल केला आणि समासात लिहिलं, 'कोणता? नाव लिही. हाच तर तुझा शोध आहे.' मी म्हणाले, घालते. वनस्पतीचं शास्त्रीय नाव पक्कं करून घ्यायचं आहे, असंही म्हणाले. सर दवाखान्यात होते त्या दिवसांत, सह्या घाईत झाल्या, टंकलेखकाकडं जुनीच प्रत गेली. ती मीच दिली होती. काळ्या कापडी बांधणीचे चार खंड सोनेरी अक्षरांत छापून आले.

त्यातला एक मी घरी नेला. हंगाम ऐन भरात होता. तात्या काहिलीपाशी होते. त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि मग पुस्तक हातात घेतलं. गुऱ्हाळावरची सगळी माणसं भोवती जमली. तात्या मराठी अडखळत वाचायचे. इंग्रजी म्हणजे त्यांना नुसत्या ओळी. त्यांनी पानं उलटली, पुस्तक माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, "कुठं हाय?"

मी पान काढलं. त्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे इथं."

"वाच की."

मी वाचलं. इंग्रजीत वाचलं, भराभर, आणि शेवटी मराठीत म्हणाले, "म्हणजे भेंडीचं पाणी वापरलं."

"येवढं मोठं वाक्य भेंडीवर!" कुणीतरी म्हणालं. तात्यांनी हिशेबनीसाच्या कानावरची पेन्सिल उपसली आणि मला दिली. "रेघ मार खालनं. मला परत घावलं पायजे." मी रेघ मारली. ती जराशी वाकडी आली. तात्यांनी त्या आदणातला पहिला गरम गूळ पानावर घालून माझ्या हातात दिला. तो मी खाल्ला. त्याची चव मला सांगता येणार नाही, आठवत नाही म्हणून नव्हे.

पुढं माझी नोकरी, लग्न, जयसिंगपूर. अणुकेंद्राचं पुढचं काम आमच्या विभागाला मिळालं, पण सर तोवर राहिले नव्हते, आणि मणी जमेनात. माझ्यानंतर आलेल्या मुलीनं प्रबंध वाचून बाजारातून डिंक आणला आणि तिच्या चंबूत गोळे झाले. तिनं मला फोन केला. मी तिला म्हणाले, आता नक्की आठवत नाही. ती बिचारी दुसऱ्या वाटेनं गेली. एवढ्या मोठ्या कामात माझे मणी काही फार मोठे नव्हते, त्यांच्यावाचून जगाचं अडलं नाही. पण ती रीत गेली. ती आता दोनच माणसांना ठाऊक होती आणि दोघं एकाच घरातली होती.

तात्या नंतरही काही हंगाम काहिलीपाशी उभे राहिले. पुड्या आल्या, तेही त्यांनी सोसलं. जिथं मालक ऐकायचा तिथं भेंडी, जिथं नाही तिथं पुडी. कुणी पाहुणा आला की माझ्यादेखत सांगायचे, "भेंडीचं आमच्या पोरीच्या पुस्तकात हाय. छापलेलं." शेवटच्या वर्षापर्यंत सांगत होते. मी चहा करायला आत जायचे. पुस्तक मात्र त्यांनी पुढं कुणाला उघडून दाखवलं नाही. पटक्याच्या जुन्या कापडात बांधून फळीवर ठेवलं होतं. कुणी मागितलं तर म्हणायचे, हात मळके असत्यात लोकांचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. आमच्यात कधी भांडण झालं नाही, गैरसमज झाला नाही. म्हणून मी पुष्कळदा स्वतःची समजूत घालायचे, की बरं झालं, त्यांना ते सुख मिळालं. खोट्यानं का होईना.

मला तात्या हवे आहेत. इतकं साधं वाक्य लिहायला मला तीन हिवाळे लागले. ते गुऱ्हाळ नको, तो गूळ नको, तेवीसचं वयही नको. फक्त ते जाळासमोर उभे असावेत आणि मी मागून हाक मारावी. वळून बघायच्या आधी ते "थांब" असा हात करायचे, पाकावरची नजर न काढता. तो हात मला दिसतो. मी थांबते.

परवा गावी गेले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुरुजी राहतात. हायस्कुलात त्यांनीच मला इंग्रजी शिकवलं. आता ऐंशीला आलेत, डोळे अधू झालेत, आवाज तेवढा खणखणीत. त्यांनी हाक मारून बसवलं, सूनबाईला चहा टाकायला सांगितला आणि म्हणाले, "तुजं पुस्तक मी वाचलंय बरं का."

"कुठलं, गुरुजी?"

"ते काळं, जाडजूड. तुजा बा घिऊन आलता. तू नोकरीला लागलीस त्याच वर्षी. म्हणाला, रेघ मारलीया तेवढंच वाचा."

माझ्या हातात कप होता. मी तो खाली ठेवला.

"वाचलं की मी," गुरुजी म्हणाले. "एक योग्य असा नैसर्गिक डिंक. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, ह्यात भेंडी कुठं हाय? मी म्हणलं, न्हाय बाबा, भेंडी न्हाय ह्यात. डिंक म्हणलंय नुसतं."

"मग?"

"मग काय! पुस्तक फडक्यात बांधलं. मी म्हणलं, पोरीला इचार की. तर म्हणाला, नको. तिनं लिवलंच असणार, गुरुजी. वरची माणसं मोठी असत्यात, त्यांनी खोडलं असंल. तिला बिचारीला कुटं लिवू दिलं असंल? इचारलं तर पुन्हा वाईट वाटंल तिला."

बाहेर एक ट्रॅक्टर उसाच्या दोन गाड्या ओढत गेला. 

"गुरुजी, कुणी खोडलं नव्हतं," मी म्हणाले. "मीच लिहिलं नाही."

गुरुजींनी मान माझ्याकडं वळवली. त्यांना मी किती दिसत होते कुणास ठाऊक.

"आता मला सांगून काय उपेग, बाळ?" ते म्हणाले.